डेकूपाजचा कागद दर पावसाळ्यात का सुटतो? फेविकॉल वाढवण्याआधी थर तपासा

तक्रार ठरावीक असते. जुन्या बाजारातून साधं स्टूल, टीपॉय नाहीतर दोन खणांचं कपाट आणलं, घासलं, पांढरा रंग दिला, छापील कागद चिकटवला, वर वॉर्निश. मार्च-एप्रिलमध्ये काम देखणं दिसतं. जूनचा दुसरा आठवडा उजाडला की कोपरे उचलले जातात, मधे फुगे येतात, चहाचा कप ठेवला तिथे पांढरा गोल उमटतो. मग सुटलेल्या कडेखाली जास्तीचं फेविकॉल घालून वर पुस्तकांचा ढीग ठेवला जातो. कड बसते आणि पुढच्या पावसात पुन्हा उठते.

पुन्हा उठण्याचं कारण बहुतेक वेळा गोंद कमी पडणं हे नसतंच. डेकूपाज, म्हणजे छापील कागद चिकटवून वर वॉर्निश देण्याचं हे काम, एकावर एक सहा-सात थरांचं असतं: लाकूड किंवा प्लाय, त्यावरची जुनी पॉलिश, प्रायमर, रंग, गोंद, कागद, वॉर्निश. यातला एक थर सुटतो आणि बाकीचे त्याच्यासोबत वर येतात. कोणता सुटला हे न बघता केलेली दुरुस्ती चुकीच्या थराची होते.

टेपची तपासणी

सुटलेल्या जागेच्या शेजारी, जिथे कागद अजून बसलेला आहे तिथे, नव्या ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर सहा आडव्या आणि सहा उभ्या चिरा द्या. चीर लाकडापर्यंत पोहोचली पाहिजे. वर सेलोटेप नखाने घासून बसवा, मिनिटभर थांबा आणि टेप एका झटक्यात मागे दुमडत ओढा. आता टेपची चिकट बाजू आणि खालची जागा दोन्ही उजेडात धरून बघा.

टेपवर कागद, गोंद आणि रंग असं सगळं एकत्र आलं आणि खाली जुनी चकचकीत पॉलिश किंवा सनमायका दिसली, तर दोष तळाच्या तयारीत आहे. रंग खाली शाबूत आणि टेपवर फक्त कागद असेल, तर गोंद लावण्यात गडबड झाली. कागदाचा वरचा पापुद्रा टेपवर आणि खालचा तंतुमय भाग फळीवर राहिला, तर गोंद पक्का आहे आणि कागद कमजोर आहे. गोंद बोटाला चिकट लागला किंवा दुधाळ दिसला, तर तो वाळलेलाच नाही. आणि टेपवर काहीच आलं नाही, तरी फुगे-सुरकुत्या आहेतच, तर फळी हलतेय किंवा कागद चिकटवल्यानंतर ओलीने पसरला होता.

यातला पहिला प्रकार सर्वांत जास्त आढळतो, म्हणून त्याच्यावर जास्त वेळ घालवू.

खाली जुनी पॉलिश निघाली तर

ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूवर आधी काय लावलंय हे विकणाऱ्यालाही नेमकं ठाऊक नसतं. ते कापसाच्या तीन बोळ्यांनी कळतं. तपासणी फळीच्या खालच्या बाजूला किंवा पायाच्या आतल्या अंगाला करा.

पहिला बोळा टर्पेंटाइनचा. घासल्यावर तो पिवळट-तपकिरी, तेलकट होत असेल तर वर मेणाचा किंवा फर्निचर पॉलिशचा थर आहे. तो आधी काढावाच लागतो. मेणावर पॉलिशपेपर फिरवला तर मेण निघण्याऐवजी सगळीकडे पसरतं आणि मग त्यावर काहीच धरत नाही. टर्पेंटाइनने दोनदा पुसा, दर वेळी फडक्याची नवी बाजू घ्या. दुसरा बोळा स्पिरिटचा. अर्ध्या मिनिटात पृष्ठभाग चिकट झाला तर ती लाखेची, म्हणजे आपली नेहमीची स्पिरिट पॉलिश. तिसरा थिनरचा. स्पिरिटला दाद न देणारा थर थिनरने मऊ पडला तर लॅकर. दोन्हींनी काही झालं नाही तर मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा सनमायका.

लाखेची पॉलिश नीट धरलेली असेल तर पूर्ण काढायची गरज नाही. १८० नंबरच्या पॉलिशपेपरने चमक जाईपर्यंत घासा, मग २२० ने एक हात. मेलामाइन आणि पीयू कडक असतात, तिथे १५० पासून सुरुवात करा. चमक गेली की नाही हे वरून बघून समजत नाही. फळी खिडकीकडे तिरकी धरा, चकाकणारा ठिपका दिसला तर तिथे अजून घासायचं बाकी आहे. बहुतेकांचं काम इथेच अर्धं राहतं: मधला भाग घासला जातो, कडा आणि बिडिंगचे खाचखळगे तसेच राहतात, आणि कागद नेमका कडेपासून उचलला जातो.

सनमायकाला छिद्रंच नसतात, त्यामुळे पाण्यावरचा साधा प्रायमर तिला धरत नाही. १८० ने घासून स्पिरिटने पुसा. मग लॅमिनेटवर चालतो असं डब्यावर स्पष्ट लिहिलेला बाँडिंग प्रायमर, नाहीतर मेण काढलेल्या लाखेचे दोन पातळ हात. लाख घरी करायची तर १०० ग्रॅम लाख अर्धा लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळू द्या, सकाळी जुन्या सुती कापडातून गाळा. लाख घेताना मेण काढलेली आहे ना, ते विचारून घ्या. साध्या चपडा लाखेत नैसर्गिक मेण असतं आणि वर पाण्याचे थर द्यायचे असतील तर तेच आडवं येतं. सनमायकाची कड प्लायपासून सुटली असेल तर ती आधी रबराच्या गोंदाने, फेविकॉल एसआर ९९८ सारख्या, दोन्ही बाजूंना लावून, दहा-पंधरा मिनिटं थांबून बसवा. हलणाऱ्या सनमायकावर केलेलं काम टिकत नाही.

जुना ऑइल पेंट असेल तर एक खबरदारी. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या छटांमध्ये. असा रंग कोरडा घासू नका. वॉटर पेपर पाण्यात बुडवून ओला घासा, गाळ ओल्या फडक्याने उचला, मास्क लावा, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घराबाहेरच करा.

रंग उमटतो, डाग येतात

सागावर किंवा जुन्या लाल-तपकिरी पॉलिशवर पांढरा इमल्शन दिला की दोन दिवसांत पिवळे-तपकिरी ढग वर येतात, आणि पातळ कागदातून ते सरळ दिसतात. लाकडातली द्रव्यं आणि पॉलिशमधला रंग पाण्यात विरघळून वर येतात, म्हणून इमल्शनचे कितीही हात दिले तरी डाग परततो. वर सांगितलेल्या मेण काढलेल्या लाखेचे दोन हात इथेही कामाला येतात. हातांमधे दोन तास सोडा, मग ३२० ने हलकंसं घासा आणि वर मॅट अॅक्रिलिक इमल्शनचे दोन हात द्या. दीड फूट बाय दीड फूट स्टूलला एका हाताला साधारण वीस मिली, म्हणजे चार चहाचे चमचे रंग पुरतो. चकचकीत ऑइल पेंटचा तळ निवडू नका, फेविकॉल त्याला वरवर धरतं.

गोंद आणि कागद

गोंदात पाणी किती, यावर मतं बरीच आहेत. पातळ कागदी नॅपकिनला फेविकॉल एमआरचे दोन भाग आणि पाण्याचा एक भाग. जाड छापील कागदाला चार भागांना एक. याहून पातळ केलं तर कागदात पाणीच जास्त जातं. मरीन फेविकॉल वापरल्याने प्रश्न सुटेल असं वाटतं, पण वरून किंवा खालून पाणी कागदापर्यंत पोहोचलं तर गोंद पाण्याला टिकणारा असूनही कागद फुगतोच.

रंग शाबूत आणि कागद कोरडाच सुटलाय, ही लक्षणं गोंद आधीच वाळल्याची. एप्रिलच्या दुपारी पंख्याखाली दीड फूट जागेवर लावलेला गोंद दोन-तीन मिनिटांत कातडं धरतो. पंखा बंद करा, एका वेळी वीतभर पट्टाच लावा, गोंद तळावर लावा आणि कागद मधून कडेकडे दाबत न्या.

कागदच दुभंगत असेल तर तो बदला. वर्तमानपत्राचा कागद दुबळा असतो आणि उन्हात पिवळा पडतो. नॅपकिन तीन पदरी असेल तर छापलेला वरचा पदरच घ्यायचा. खालचे पांढरे पदर राहिले तर गोंद त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि टेपच्या तपासणीत पदर अलगद वेगळे होतात. कॅलेंडर आणि मासिकाच्या गुळगुळीत कागदात मागची छपाई गोंद लागताच पुढे दिसू लागते, म्हणून मागच्या बाजूला आधी पांढऱ्या इमल्शनचा एक हात द्या आणि वाळू द्या. लग्नपत्रिकेचा जाड कागद कडेला पायरी करतो. तो वापरायचाच असेल तर भिजवून मागचे थर सोलून काढा.

प्रिंट काढताना घरच्या इंकजेटपेक्षा झेरॉक्सच्या दुकानातला लेझर प्रिंट बरा. लेझरची टोनर पाण्याने पसरत नाही. इंकजेटचा कोपरा ओल्या बोटाने चोळून बघा. रंग बोटाला आला तर दोन्ही बाजूंना अॅक्रिलिक क्लिअर स्प्रेचे दोन-दोन हलके हात देऊन मगच वापरा.

सुरकुत्या

ओला झाला की कागद पसरतो, आणि तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त पसरतो. कोरडा कागद ओल्या गोंदावर ठेवला की तो जागेवर बसल्यानंतर पसरायला लागतो, जागा नसते, म्हणून सुरकुती उभी राहते. जाड कागदाला उपाय असा, की त्याला आधीच पसरू द्यायचं. लेझर प्रिंट दोन्ही बाजूंनी पाण्याच्या स्प्रेने ओलसर करा, तीन ते पाच मिनिटं थांबा, वरचं पाणी टिपून घ्या आणि मग चिकटवा. वाळताना तो आकसतो आणि ताणून बसतो.

नॅपकिनला हे चालत नाही, तो ओला झाला की फाटतो. त्याला इस्त्रीची पद्धत: तळावर बिनपाण्याच्या गोंदाचा एक हात द्या, पूर्ण वाळू द्या, वर नॅपकिन पसरा, त्यावर बेकिंगसाठीचा सिलिकॉनचा कागद ठेवा आणि वाफ बंद केलेली मध्यम गरम इस्त्री मधून बाहेर फिरवा. वाळलेला फेविकॉल उष्णतेने मऊ होतो आणि कागद पकडतो. पाणी नाही, म्हणून सुरकुती नाही. किराणा दुकानातला स्वस्त बटर पेपर इथे नको, तोच नॅपकिनला चिकटून बसतो.

टेपवर काही आलं नाही, तरी पावसाळ्यात फुगतं

इथे कागद, गोंद, रंग सगळे निर्दोष असतात आणि फळी दोषी असते. जुनी टीपॉय उलटी करून बघा. वरच्या बाजूला पाच थर, खालची बाजू उघडी. जुलैत मुंबई-कोकणात हवेतली आर्द्रता सरासरी ८० टक्क्यांच्या वर असते. खालची उघडी बाजू ओल पिते, वरची पीत नाही, आणि फळीला बाक येतो. त्यामुळे खालच्या बाजूला आणि चारही कडांना वरच्याइतकंच वॉर्निश द्या. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफला (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्यांना) तर हे आधी करायचं. कापलेल्या कडांना बिनपाण्याच्या फेविकॉलचे दोन हात चोळून भरा, वाळल्यावर २२० ने घासा. पार्टिकल बोर्डची कड एकदा फुगली की परत बसत नाही. फुगलेला भाग रंध्याने किंवा जाड पॉलिशपेपरने उतरवून लांबी (पुट्टी) भरण्याशिवाय इलाज नाही.

अस्सल लाकडाच्या जोडफळ्या असतील तर गोष्ट वेगळी. दोन फूट रुंदीची सागवानी फळी उन्हाळा ते पावसाळा तीन-चार मिलिमीटर सहज कमीजास्त होते. जोडावरून आडवा चिकटवलेला कागद त्या रेषेवर फाटतो नाहीतर उभा राहतो. कागद चिकटवून तासाभराने, तो अजून किंचित ओलसर असताना, प्रत्येक जोडावर ब्लेडने चीर द्या. वेल, पानं, पट्टे अशी नक्षी निवडली तर ती रेषा डोळ्यांना टोचत नाही.

फळीला एक-दोन मिलिमीटरची बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर आधी लाकडासाठीचं कीडनाशक भोकांत सोडा आणि महिनाभर थांबा. नवा भुसा पडत नाही हे बघितल्यावरच कागदाकडे वळा.

गोंद चिकट, वॉर्निश दुधाळ

पावसाळ्यात पाण्याचा गोंद वाळतो, पण सावकाश. वरून कोरडा वाटला म्हणून त्यावर वॉर्निश दिलं की आतली ओल अडकते आणि पांढुरका ढग दिसतो. कागद चिकटवल्यावर उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात तीन दिवस सोडा. वाळलंय की नाही याची खूण: हाताची मागची बाजू टेकवा, गार लागलं तर आत अजून पाणी आहे.

स्पिरिट किंवा थिनरवरची पॉलिश पावसाळी दिवशी लावली तरी पांढरी पडते, पण कारण निराळं आहे. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली ओल त्यावर साचते. ढग ताजा असेल तर कोरड्या दिवशी थिनरचा अगदी हलका फवारा देऊन तो बहुधा जातो. फवारा जास्त झाला तर खालचे थर उचलतील, म्हणून कोपऱ्यात करून बघा.

वरचा थर म्हणून फेविकॉल-पाणीच ठेवणं ही या सगळ्यातली सर्वांत महागडी काटकसर. फेविकॉल पाण्याने पांढरं होतं, गरम कपाने मऊ पडतं, आणि त्यावर ठेवलेली वही उचलताना पान चिकटून येतं. पाण्यावरचं पीयू वॉर्निश घ्या, तीन पातळ हात द्या, दोन हातांमधे चार तास, आणि प्रत्येक हातानंतर ४०० ने नुसता स्पर्श होईल इतकंच घासा. पहिल्या हाताआधी मात्र घासू नका, कागद सोलला जाईल. तेलावरचं वॉर्निश कडक असतं, पण पांढऱ्या तळाला पिवळी झाक आणतं. वापर आठवड्यानंतर सुरू करा, जड फुलदाणी किंवा टीव्ही ठेवायचा तर महिनाभर थांबा.

अठराव्या शतकात व्हेनिसमध्ये या कामाला ‘लाका पोव्हेरा’, गरिबांचं लॅकर, म्हणत. महागड्या चिनी-जपानी लाखकामाची नक्कल म्हणून तिथले कारागीर छापील चित्रं कापून चिकटवत आणि वर वॉर्निशचे इतके थर देत की कागदाची कड बोटाला लागत नसे. कड बोटाला लागली की ती नखात, फडक्यात, बशीच्या तळाला अडकते आणि तिथूनच सुटायला सुरुवात होते. स्टूलला वीस थरांची गरज नाही, पण कड जाणवेनाशी होईपर्यंत एखादा हात वाढवायला हरकत नाही.

सगळं न काढता दुरुस्ती

फुगा एखाद-दुसरा असेल तर नक्षीच्या रेषेवर ब्लेडने एक सेंटिमीटर चीर द्या. मेडिकलमधून पाच मिलीची सिरिंज घ्या, दोन भाग फेविकॉल आणि एक भाग पाणी भरून फुग्यात अर्धा मिली सोडा. ओल्या बोटाने चिरेकडे दाबत आणा, बाहेर आलेला गोंद पुसा, वर सिलिकॉनचा कागद आणि दोन किलोचं वजन रात्रभर. सुटलेल्या कडेखालची धूळ कोरड्या ब्रशने आधी काढा, नाहीतर गोंद धुळीलाच चिकटतो.

टेपच्या तपासणीत तळच सुटला असेल तर तुकड्या-तुकड्याने दुरुस्त करण्यात वेळ जातो. ८० नंबरने वॉर्निश ओरखडा, कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल वीस-तीस मिनिटं झाका आणि पत्तीने खरवडा. पार्टिकल बोर्डवर ओला टॉवेल ठेवू नका, तिथे कोरडंच घासावं लागेल. खालचा रंग जुना ऑइल पेंट असेल तर त्याच्या थराशी पोहोचताच थांबा.

खणांच्या बाबतीत एकच सूचना. कागद आणि सगळे हात मिळून अर्धा मिलिमीटर सहज वाढतो, दोन्ही बाजूंनी एक मिलिमीटर, आणि पावसाळ्यात खण अडकतो. ज्या कडा चौकटीला घासतात तिथे कागद वळवू नका. कडेपाशी तो वाळू द्या आणि २२० चा पॉलिशपेपर ठोकळ्याला गुंडाळून फक्त वरून खाली, तिरका घासत छाटा. उलट दिशेने घासलं तर कड तिथेच उचलली जाते. टीपॉयवर काच ठेवायची तर वॉर्निश पूर्ण पिकल्यावर, चार कोपऱ्यांना पारदर्शक सिलिकॉनच्या बटणांवर ठेवा. नुसती काच टेकवली तर खाली ओल साचते आणि वॉर्निश काचेलाच चिकटतं.